त्याला गळ घालत राहा

एखाद्याला पाण्यात पाहायला तळ्यावर जावं लागत नाही. घड्याळजी ते काम दुकानात बसल्या बसल्या करत होता, सोमवार ते शनिवार, सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत. रविवारी दुकान बंद, म्हणून त्या दिवशी घरी करायचा.

पाण्यात होता त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा रफूवाला. दोन गल्ल्या सोडून एका शिंप्याच्या दुकानात कोपऱ्यात त्याचं स्टूल आणि वाकडा दिवा होता. तिथे बसून तो फाटका कोट असा सांधायचा, की फाटलं कुठे होतं ते मालकालाच आठवावं लागे. माणूस गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसावर जळणं सोपं नसतं, पण घड्याळजीने चिकाटीने ते साधलं होतं.

कारण होतं मासा. म्हणजे वरवर मासा, खरं कारण सासरे.

सासरे म्हणजे नाना, पाणीखात्यात नळांच्या चाव्या फिरवून निवृत्त झालेले. मुलगा नाही, दोन मुली. गावाबाहेरच्या तळ्यावर त्यांनी जन्मभर गळ टाकला. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचं जग एका खोलीत आलं: एक खाट, खिडकी, खिडकीतून दिसणारा तळ्याचा रस्ता आणि समोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली काठी. बांबूची, मधाच्या रंगाची, मुठीवरची सुतळी हाताच्या घामाने काळी झालेली. ही काठी आपल्याकडे येणार, याबद्दल घड्याळजीला तिळमात्र शंका नव्हती. एकोणीस वर्षं त्याने नानांच्या मागून गांडुळांचा डबा वाहिला होता. सख्ख्या मुलानेही एवढी गांडुळं वाहिली नसती.

मासे धरण्याचं सगळं शास्त्र त्याला नानांनी दिलेलं, आणि त्या शास्त्राचं पहिलं कलम होतं की थंडीत तळ्यावर जायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दोघं एकदाच गेले होते. घड्याळजीची बोटं अशी गारठली की दुसऱ्या दिवशी दुकानात चिमटा धरवेना. एका गिऱ्हाइकाच्या खिशातल्या घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग त्याच्या हातून तुटली. हा किस्सा त्याने नानांकडे जेवताना हसत हसत सांगितला. पुढच्या रविवारी तो कानटोपी घालून दारात हजर, तर नाना खाटेवरून उठलेच नाहीत. म्हणाले, "जावईबापू, थंडीत मासा तोंड उघडत नाही. कशाला जीव गारठवायचा? आता ऊन तापलं की जाऊ."

तेव्हापासून पहिली थंडी पडली की गळ तेलाच्या डबीत जायचे आणि काठी खिळ्यांवर. आणि हिवाळ्यात कुणी तळ्याचा विषय काढला की घड्याळजी गिऱ्हाइकालाही ऐकवायचा, "थंडीत मासा तोंड उघडत नाही. फायदा काय जाऊन? सर्दी तेवढी मिळेल." हे वाक्य तो इतक्या वेळा बोलला होता की ते आता त्याचंच झालं होतं.

आणि यंदा हा रफूवाला ऐन थंडीत मासे आणायला लागला.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याला गळाची गाठ मारायला शिकवली कुणी? घड्याळजीने. आणि तो दर रविवारी दुपारी दोनच्या सुमारास नानांच्या खोलीत शिरायचा, पिशवीतून एक मासा काढायचा, फार तर दोन, आणि नाना उशीला टेकून ताठ बसायचे. कुठे लागला, किती खोल, ऊन होतं का, वारा कुठून होता, हे सगळं विचारायचे. महिनाभर "हं" आणि "असू दे" एवढंच बोलणारा म्हातारा तासभर बोलत राही.

हे सगळं एकवेळ घड्याळजीने गिळलं असतं. घशात अडकलं ते वेगळंच. नाना रफूवाल्याला "अरे" म्हणत. "अरे, बस ना. तू जेवलास का?" आणि घड्याळजीला बावीस वर्षांनंतरही "जावईबापू, बसा. तुम्ही जेवलात का?" आधी त्याला हा मान वाटायचा. या हिवाळ्यात त्याच्या ध्यानात आलं की मान पाहुण्याला देतात आणि "अरे" घरच्याला. मग त्याची झोप उडाली.

"तो मासा बाजारातला असणार," तो बायकोला म्हणाला.

"अहो, असेल नाहीतर नसेल. तुम्हाला काय करायचंय?" थोरली म्हणाली. तिला नवऱ्याची आणि बहिणीची, दोन्ही घरं सांभाळायची होती.

पुढच्या रविवारी घड्याळजी आधीच नानांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. रफूवाल्याने मासा ओट्यावर ठेवला आणि तो नानांकडे गेला. त्याची पाठ वळताच घड्याळजीने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि माशाचा ओठ वर करून पाहिला. उजव्या बाजूला गळाचं भोक होतं. बारीक, स्वच्छ, अजिबात न फाटलेलं. इतका नीट लागलेला गळ त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. भोक सापडलं नसतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात धाकटी मेव्हणी चहाची भांडी घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्याचं घड्याळ बंद पडलंय का?"

ही गोष्ट आठवडाभर दोन्ही घरांत हसण्यावारी चालली. घड्याळजीही हसला. हसताना त्याचे दात दुखले.

त्यात रफूवाला दुकानात यायला लागला. पहिल्यांदा आला, काउंटरवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "साडूभाऊ, येता का रविवारी? मजा येईल."

"थंडीत मासा तोंड उघडत नाही," घड्याळजी भिंग न काढता म्हणाला. त्याच्यासमोर काम म्हणाल तर एका भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायचा होता, ज्याला भिंग लागत नाही. चावीची घड्याळं आता वर्षाला दोन यायची, आणि त्यांचं बारीक काम त्याच्या डोळ्यांनी होत नसे. तो ती दुसरीकडे पाठवून द्यायचा. पण भिंग लावून बसलं की माणूस कामात दिसतो.

दुसऱ्यांदा आला तेव्हा रफूवाला म्हणाला, "तुमच्याशिवाय मजा नाही." तिसऱ्यांदा म्हणाला, "निदान बसायला तरी या." प्रत्येक वेळी घड्याळजीने नकार दिला आणि प्रत्येक वेळी त्याला जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याला आपली दौलत बघायला बोलवावं, तसंच हे, अशी त्याची खात्री पटली.

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी तो नानांचा जेवणाचा डबा घेऊन गेला. दार लोटलेलं होतं. तो उंबऱ्यापाशी बूट काढायला वाकला आणि आतून बोलणं ऐकू आलं. रफूवाला नानांची शाल सांधायला येऊन बसला होता.

"तीनदा झालं, नाना. ढिम्म हलत नाही," तो म्हणत होता.

"लगेच नाही हलायचा," नानांचा आवाज आला. "जुना आहे तो. खोल जाऊन बसलाय. पण तू त्याला गळ घालत राहा. ओढाताण करू नको, बुजेल. आज ना उद्या आपण होऊन वर येईल."

"आणि नाहीच आला तर?"

"येईल रे. मी ओळखतो त्याला. मला आता दुसरं काही नको, तो तेवढा आला पाहिजे."

घड्याळजीने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि बुटाची नाडी न बांधताच परत फिरला. त्याला सगळं उमगलं. तळ्यात एक जुना, मोठा मासा होता. नानांना तो वर्षानुवर्षं ठाऊक होता. मरण्याआधी तो हातात यावा अशी म्हाताऱ्याची इच्छा होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली? कालच्या पोराला! आणि एकोणीस वर्षं ज्याने गांडुळांचा डबा वाहिला त्याला काय सांगितलं? ऊन तापलं की जाऊ.

जो तो मासा आणेल त्याची काठी. एवढं गणित घड्याळजीला येत होतं.

रविवारी पहाट फुटायच्या आत तो तळ्यावर होता. उन्हाळ्यात हीच वेळ बरोबर असायची. पडक्या बांधाखाली पाणी सगळ्यात खोल. मोठा, जुना आणि खोल बसलेला दुसरीकडे असणार कुठे? काठाशी पाण्यावर कागदाएवढा पातळ बर्फ धरला होता, तो त्याने टाचेने फोडला. एवढ्या मोठ्या माशाला शोभेल असं चांगलं करंगळीएवढं गांडूळ लावलं आणि गळ टाकला. दोरीवरचं लाल बूच पाण्यावर उभं राहिलं. मग तो त्या बुचाकडे बघत बसला.

सात वाजले. आठ वाजले. बूच जणू पाण्यात नाही तर भिंतीत ठोकलेलं होतं. नऊ वाजता त्याला पायाची बोटं आहेत की गेली ते कळेना. त्याने नानांना मनातल्या मनात चार शब्द ऐकवले, साडूला चाळीस. साडेनऊला त्याच्या मनात आलं की आपलं ते नेहमीचं वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि ते खरं असल्याचा इतका राग त्याला आधी कधी आला नव्हता.

साडेदहाला, ऊन बांधावर चांगलं पसरल्यावर, समोरच्या काठावर रफूवाला आला. पोटभर न्याहारी करून आल्यासारखा, सावकाश. बगलेत उशी, खांद्याला थर्मास. उशी मांडून बसला, डब्यातून काहीतरी तांदळाच्या दाण्याएवढं काढून गळाला लावलं, आणि टाकला. घड्याळजी लव्हाळ्याआड खाली सरकला. मान वर काढायची सोय नव्हती, त्यामुळे त्याला साडू दिसत होता तो फक्त पाण्यातल्या प्रतिबिंबात. इतके दिवस म्हणीपुरतं केलेलं काम तो आता अक्षरशः करत होता.

प्रतिबिंबातला माणूस बुचाकडे बघतच नव्हता. त्याच्या दोरीला बूच नव्हतंच. तो काठीच्या टोकापासून पाण्यापर्यंतच्या दोरीकडे बघत होता, मान जराशी कलती करून, स्टुलावर बसून कोटाकडे बघतो तशी. वीस मिनिटं गेली. मग काही झालं नाही. निदान घड्याळजीला तरी काही झालेलं दिसलं नाही. रफूवाल्याने नुसतं मनगट वळवलं, टाका ओढावा तसं, आणि मासा वर आला.

घड्याळजीच्या पोटातून कळ वर आली, ती नाकात गेली, आणि तो शिंकला.

"साडूभाऊ?" पलीकडून आवाज आला. "अहो, तुम्ही? कधीपासून बसलाय?"

"आत्ताच आलो," घड्याळजी म्हणाला. त्याचे दात एकमेकांवर वाजत होते.

रफूवाला उशी आणि थर्मास उचलून बांधावरून धावतच आला. त्याने उशी घड्याळजीखाली सरकवली, चहा ओतून त्याच्या हातात दिला आणि स्वतः दगडावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की घड्याळजीला तो कुठे ठेवावा ते कळेना.

"थंडीत पहाटे नाही येत हो कुणी," रफूवाला म्हणाला. "पाणी जरा ऊन धरेपर्यंत मासा जागचा हलत नाही. आणि हे गांडूळ केवढं! त्याला भूकच नसते फारशी. खातो तेही नुसतं तोंडात धरतो आणि सोडतो, बूच हलतसुद्धा नाही. दोरा तेवढा केसभर सैल पडतो. तो दिसला पाहिजे."

"आणि तो कुठाय?" घड्याळजीने विचारलं.

"तो कोण?"

"उगाच वेड पांघरू नको. मी ऐकलंय बुधवारी. जुना, खोल बसलेला. ज्याला गळ घालायला नानांनी तुला सांगितलंय तो."

रफूवाल्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला, आणि मग तो पोट धरून इतका हसला की दगडावरून घसरला.

"साडूभाऊ," तो डोळे पुसत म्हणाला, "माशाला गळ टाकतात हो. गळ घालतात ती माणसाला."

घड्याळजीच्या हातातला चहा तसाच राहिला.

"तुम्हालाच आणायला सांगत होते. तीनदा आलो ना मी दुकानात? तुम्ही ढिम्म हलत नव्हता."

मत्सराला कान चांगले असतात, पण व्याकरण येत नाही. घड्याळजी पहिल्यांदा तेवढ्यालाच धरून बसला. "मला? नाना मला 'त्याला' कसं म्हणतील? मला तर अहो-जाहो करतात."

"तोंडावर," रफूवाला म्हणाला. त्याचं हसू आता ओसरलं होतं. "पाठीमागे तुम्ही 'तो' असता. 'तो आला होता का', 'त्याचा खोकला कसा आहे', 'त्याला सांगू नको, लावून घेईल'. मी तासभर बसतो, त्यातली चाळीस मिनिटं तुमचीच. मला 'अरे' म्हणतात हो, पण 'अरे' ते दूधवाल्यालाही म्हणतात." त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला. "खरं सांगू? मला पहिल्यापासून तुमचा हेवा वाटतो. अकरा वर्षं झाली. मासे आणले तर निदान माझ्याबद्दल काही विचारतील, असं वाटलं होतं."

हे ऐकून घड्याळजीला काय वाटावं? वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, भलतंच बरंही वाटलं.

"पण तुला हे थंडीतलं शिकवलं कुणी?" त्याने विचारलं.

"नानांनीच. ते हिवाळ्यातच जास्त यायचे. उन्हाळ्यात कुणीही धरतं म्हणायचे, खरा मासा थंडीतला. तुमच्या लग्नानंतर बंद केलं." रफूवाल्याने थर्मास बंद केला. "का ते मला नाही सांगितलं."

घड्याळजीने आपल्या बोटांकडे पाहिलं. ती निळी पडली होती आणि कपाभोवती धड वळत नव्हती. अशीच ती एकदा झाली होती. त्या दिवशी नानांना दोन मासे मिळाले होते. बावीस वर्षांत ही गोष्ट त्याला एकदाही आठवली नव्हती.

तो उठला आणि चालू लागला. काठी, डबा, सगळं तिथेच राहिलं. रफूवाल्याने ते गोळा केलं आणि मागोमाग निघाला.

नाना खिडकीशी होते. रस्त्यावरून दोघं येताना त्यांना दिसलेच असणार, कारण दार उघडताच त्यांनी घड्याळजीला नाही, रफूवाल्याला विचारलं, "लागला का?"

"लागला, नाना," रफूवाला म्हणाला.

घड्याळजी खाटेच्या कडेवर बसला. बावीस वर्षांत तो तिथे कधी बसला नव्हता, त्याच्यासाठी खुर्ची असायची. "थंडीत मासा तोंड उघडत नाही म्हणाला होतात," तो म्हणाला.

नानांनी शालीच्या सांधलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "मासा उघडतो," ते म्हणाले. "मीच उघडलं नाही."

"माझ्या बोटांसाठी?"

"तुमच्या बोटांवर माझी पोरगी जेवणार होती, जावईबापू. एक स्प्रिंग तुटली, तुम्ही हसलात. मला नाही हसू आलं."

"मग तुम्ही एकट्याने जायचं होतं."

"तुम्ही जाऊ दिलं असतं? डबा घेऊन मागे आला असता." नाना जरा हसले. "आणि एकदा खोटं बोललो की ते सांभाळावं लागतं. आता तू नुसते सेल बदलतोस. आता गारठली बोटं तर गारठू देत. म्हणून म्हटलं, जा बाबा, बघून तरी ये. मला स्वतःच्या तोंडाने सांगायची लाज वाटली, म्हणून याला पाठवत होतो."

'तू' कधी आला ते नानांच्या लक्षात आलं नव्हतं. घड्याळजीच्या आलं. त्याने खाली मान घातली आणि बोटं चोळत बसला, कारण वर बघण्यासारखी त्याची स्थिती नव्हती.

"ती काठी काढ," नाना म्हणाले.

घड्याळजी उठला. त्याने काठी दोन्ही हातांनी खिळ्यांवरून उचलली. मागे भिंतीवर तिच्याएवढीच एक फिकट रेघ उमटली होती. मुठीवरच्या सुतळीत नानांच्या बोटांच्या खाचा होत्या, आणि त्यात त्याची बोटं आपोआप बसली.

"आता ती धाकट्याला दे."

घड्याळजी जागच्या जागी थांबला. रफूवाला दारातून म्हणाला, "नाही नाना, ती साडूभाऊंची आहे."

"गप रे. तुला द्यायला माझ्याकडे ही एकच वस्तू आहे. त्याला मी माझे हिवाळे दिलेत." नाना घड्याळजीकडे वळले. "दे."

घड्याळजीने चार पावलं चालून काठी रफूवाल्याच्या हातात ठेवली. सगळं समजलं होतं, सगळं पटलं होतं, आणि तरी मुठीवरची बोटं सोडवायला त्याला एक क्षण लागलाच. आपण इतके कोते आहोत याची त्याला लाज वाटली. तो परत येऊन खाटेवर बसला.

"वाईट वाटलं का रे तुला?" नानांनी विचारलं.

"वाटलं," घड्याळजी म्हणाला.

नानांनी त्याचे गारठलेले हात ओढून आपल्या शालीखाली घेतले आणि खिडकीतून तळ्याच्या रस्त्याकडे पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि कुणी दोन माणसं खांद्यावर काठ्या टाकून त्या रस्त्याने चालली होती.

"वाटणारच," ते म्हणाले. "मलाही दर हिवाळ्यात वाटायचं."